चिंतन : गीता ३.१२ – “कंपनीचेच पैसे आहेत, घ्या की!”



काल आपण दहावा आणि अकरावा श्लोक पाहिला. प्रजापतीने माणूस आणि यज्ञ एकत्रच जन्माला घातले आणि सांगितलं की एकमेकांना पोसत राहा, त्यातच सगळ्यांचं भलं आहे. आज बारावा. इथे भगवंतांचा सूर एकदम बदलतो. सगळ्यांच्या देण्यातून जे मिळालं ते जो भोगतो आणि आपला वाटा मात्र परत घालत नाही, त्याच्यासाठी त्यांनी एक शब्द वापरलाय: स्तेन. म्हणजे चोर. स्वार्थी म्हटलं असतं तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो. अज्ञानी म्हटलं असतं तर बरंच वाटलं असतं. पण शब्द चोर आहे.

पहिल्यांदा वाचताना हे जरा जास्तच कडक वाटतं. चोर म्हटलं की कुलूप तोडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे कुणाचं घर फोडलेलं नाही, कुणाच्या खिशात हात घातलेला नाही. मग चोरी कुणाची झाली?

माऊली तिसऱ्या अध्यायात यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावतात. म्हणजे समिधा-तूप-होमकुंड यांच्यापुरता हा श्लोक नाही, रोजच्या वागण्याचा आहे. म्हणून आज तो घेऊन आपण गॅरेजमध्ये जाऊ या.

शहरात गाडी असलेल्या जवळपास प्रत्येकाने हा संवाद ऐकलाय. सिग्नलला रिक्षा घासून गेली, डाव्या दरवाज्यावर लांब ओरखडा आला. तुम्ही गॅरेजला जाता. मालक गाडीकडे नीट बघायच्या आधी विचारतो, “इन्शुरन्समध्ये करायचं की कॅश?” इन्शुरन्स म्हणालात की तो गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि मागे थांबतो. “हा बंपरचा डेंट जुना आहे ना? यातच घेऊन टाकू. हेडलाइटला पण क्रॅक दाखवतो.” तुम्ही जरा घुटमळता, तेव्हा ते वाक्य येतं: “कंपनीचेच पैसे आहेत साहेब, घ्या की!”

हे वाक्य बोलणारा माणूस सहसा दुष्ट नसतो. तो प्रेमाने बोलतो, गिऱ्हाइकाचं भलं करतोय असंच त्याला वाटत असतं.

अशीच दुसरी जागा पॉलिसी रिन्यू करतानाची. गेल्या वर्षी क्लेम घेतला होता का, असा एक प्रश्न असतो. नाही म्हटलं की नो क्लेम बोनस मिळतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या भागावर असते. समजा तो भाग १०,००० रुपयांचा आहे आणि तुमचा बोनस ३५ टक्क्यांवर पोचलेला होता. क्लेम घेतला की तो शून्यावर येतो. आता नव्या कंपनीकडे जाताना ‘क्लेम नव्हता’ असं टिक केलं की ३,५०० रुपये वाचले. एक क्लिक. एजंट फोनवर हळूच सांगतो, “नाही टाका, कोण बघतंय.” पोलीस नाहीत, कोर्ट नाही, कुणी समोर उभं नाही. आपल्या पिढीच्या बहुतेक चोऱ्या अशाच होतात, बसल्याजागी आणि चहा पिता पिता.

तिसरी जागा जरा जड आहे. गाडी चालवत होता लर्निंग लायसन्सवाला भाचा, शेजारी कुणी लायसन्सवालं बसलेलं नव्हतं, आणि फॉर्मवर नाव येतं मामाचं. ‘घरचीच तर गाडी आहे.’

आता चोरी कुणाची, हा प्रश्न. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी आपल्याकडे काला होतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि कृष्णाने सगळं एकत्र कालवलं. कुणाची भाकरी, कुणाचं दही, कुणाचं लोणचं, एकदा कालवल्यावर कुणालाच सांगता येत नाही, आणि तीच त्याची गोडी. ज्याने फक्त कोरडी भाकरी आणली त्यालाही दह्याचा घास मिळतो. वारीला गेलेल्यांना दिंडीची भिशी माहीत असेल. सगळे आधी पैसे भरतात, त्यातून वाटभर स्वयंपाक होतो. कुणी आजारी पडून दोन दिवस जेवला नाही म्हणून त्याचे पैसे कुणी परत मागत नाही.

विमा हाच काला आहे. हजार गाडीवाले दरवर्षी थोडे थोडे पैसे एका भांड्यात टाकतात, कारण त्यांच्यातल्या कुणावर तरी यंदा वेळ येणार हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कुणावर ते माहीत नसतं. कंपनी भांडं सांभाळते, त्याची मजुरी घेते, नफाही घेते. पण भांड्यात जे आहे ते गाडीवाल्यांनी टाकलेलं. ‘कंपनीचे पैसे’ ज्याला आपण म्हणतो त्यातला मोठा भाग कुणाच्या तरी अ‍ॅक्टिव्हाचा आहे, कुणाच्या तरी टेम्पोचा आहे. त्यातून खोटं सांगून जास्त घास घेतला तर कुणाचा घेतला हे दिसत नाही, कारण सगळं कालवलेलं आहे. न दिसण्यामुळे चोरी नाहीशी होत नाही. फक्त ज्याचं गेलं त्यालाही कळत नाही की आपलं गेलं.

थर्ड पार्टी विम्यात तर हे अगदी उघड आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी मनाने ठरवत नाही, सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला ३,४१६ रुपये होते, ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४. हे दर ठरताना देशभरात किती दावे आले आणि किती रक्कम द्यावी लागली याचा हिशेब बघितला जातो. त्या हिशेबात खोटे दावेही खऱ्यांच्या शेजारी बसलेले असतात. म्हणजे कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यात रचलेल्या खोट्या अपघाताचा एक कण चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या पोराच्या ७१४ रुपयांत येऊन पडतो. त्याला तो भरावाच लागतो. नाही भरला आणि पकडला गेला तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड.

पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागते. ती माझ्या कामातून कळली.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका विमा कंपनीचं काम होतं. क्लेम आला की तो सरळ पुढे जाऊ द्यायचा की तपासाला पाठवायचा, हे ठरवणारी सिस्टीम. पॉलिसी घेऊन पंधराच दिवस झालेत का, रात्रीचा अपघात आणि साक्षीदार नाही का, एकच मोबाइल नंबर चार क्लेमवर आहे का, एकाच गॅरेजमधून एकसारखे क्लेम येतायत का. प्रत्येक नियमामागे कुणीतरी एकदा बोललेलं खोटं होतं. कोड वाचताना मला तो खोटेपणाचा इतिहासच वाटायचा.

आता जरा गणित करू. आकडे समजण्यापुरते घेतोय. समजा १,००० क्लेम आले, त्यातले ४० खोटे आणि ९६० खरे. तुमची सिस्टीम चांगली आहे, खोट्यांतले ९० टक्के पकडते आणि खऱ्यांतल्या फक्त ५ टक्क्यांवर चुकून संशय घेते. म्हणजे ३६ खोटे सापडले. आणि खरे किती अडकले? ९६० चे ५ टक्के, ४८. संशयाच्या रांगेत उभ्या असलेल्या ८४ जणांत निम्म्याहून जास्त प्रामाणिक आहेत! सिस्टीम वाईट नाही, तिच्याकडून कुणी मुद्दाम अन्यायही केलेला नाही. ४० जणांनी खोटं बोललं म्हणून ४८ जणांना आपलं खरं सिद्ध करत बसावं लागलं.

त्या अठ्ठेचाळीसांतला एक आमच्या सोसायटीत राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. सोसायटीत जागा नव्हती म्हणून वॅगन-आर रात्री बाहेर रस्त्यावर लावली होती, सकाळी बघतात तर मागची बाजू पार आत गेलेली. ठोकणारा पसार. काकांनी जवळच्या गॅरेजला गाडी नेली. त्या गॅरेजमधून अशाच ‘रात्री उभ्या गाडीला अज्ञात वाहनाची धडक’वाल्या क्लेमची रांग आधीच लागली होती, आणि त्यातले सगळे काही खरे नव्हते. मग काय, तपासनीस आला. गाडी सहा आठवडे तिथेच. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, फिजिओथेरपीला त्यांना रिक्षातून न्यावं लागायचं, आणि रिक्षात चढताना त्यांना काय व्हायचं ते आम्ही बाल्कनीतून बघायचो.

पैसे शेवटी मिळाले. पण काका एकदा खाली बाकावर बसले असताना म्हणाले, “अरे, बत्तीस वर्षं एसटी चालवली. एकदा डिझेल चोरलं नाही की तिकिटाचा रुपया इकडचा तिकडे केला नाही. आणि परवा ते पोरगं मला विचारतं, काका, गाडी तुम्हीच तर नाही ना ठोकली?” मग हसले. तो तपासनीस तरी काय करणार, त्याचं कामच ते. काकांना हा प्रश्न खरं तर त्याने विचारलाच नव्हता. त्यांच्या आधी त्याच गॅरेजमध्ये खोटी सही करून गेलेल्या माणसांनी विचारला होता.

सामान्य गाडीवाल्यावर होणारा परिणाम म्हणतात तो हा. प्रीमियम शंभर-दोनशेने वाढला तर आपण कुरकुरतो आणि भरतो. पण शब्दावरचा विश्वास कमी झाला की त्याची किंमत खरं बोलणारा भरतो. खोटं बोलणाऱ्याची फाइल नीट लावलेली असते, कागद तयार असतात. खरा माणूस गोंधळलेला असतो, त्याने फोटो काढलेला नसतो, तारीख चुकते.

आता याहून अवघड भागाकडे येतो. इथे मलाही झटकन ‘स्तेन’ म्हणवत नाही.

एखादा माणूस रात्री हायवेवर चालताना किंवा सायकलवरून जाताना अज्ञात गाडीखाली येतो. गाडी सापडत नाही. अशा मृत्यूला कायद्याने ठरवलेली भरपाई वर्षानुवर्षं फक्त २५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती २ लाख झाली, गंभीर जखमीला ५०,०००. आणि गाडी सापडली, तिचा विमा असला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचं वय, कमाई, मागे किती माणसं हे बघून भरपाई ठरवतं, आणि ती बहुतेकदा कितीतरी लाखांत जाते. मधली ही दरी बघा. या दरीत दलाल उभा असतो. तो विधवेला सांगतो, ‘गाडी मी देतो, चालक मी देतो, साक्षीदार मी देतो, तुम्ही फक्त अंगठा द्या.’ विमा असलेली एखादी गाडी आणि पैसे घेऊन ‘मीच होतो’ म्हणणारा चालक केसमध्ये आणून बसवला जातो.

हे कल्पनेतलं नाही. उत्तर प्रदेशात असे इतके दावे झाले की २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला लावलं. २०२१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर होतं तेव्हा पथकाकडे आलेल्या संशयास्पद दाव्यांची संख्या १,३०० च्या पुढे गेली होती, आणि त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने तिथल्या २८ वकिलांना निलंबित केलं.

त्या बाईला चोर म्हणायचं का? माझी जीभ रेटत नाही. तिचा नवरा खरंच गेला होता, आणि २५,००० रुपयांत व्यवस्थेने तिची बोळवण केली होती. गीतेतला हा श्लोक चक्राबद्दल बोलतो, आणि चक्रातला एक आरा व्यवस्थेचाही आहे. तिने आपला वाटा घातला नाही की आधी तिलाच वाटा मिळाला नाही, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण दलालाबद्दल, त्या वकिलाबद्दल, पंचनामा बदलणाऱ्याबद्दल मला शंका नाही. भुकेल्याच्या नावाने ताट मागून घ्यायचं आणि त्यातला मोठा घास स्वतः खायचा, याला दुसरा शब्द नाही.

आणि त्यानंतर येणारी दुसरी विधवा? तिच्या नवऱ्याला ठोकलेली गाडी खरी आहे, चालक खरा आहे. फक्त घरचे सगळे चार दिवस आयसीयूच्या बाहेर होते म्हणून एफआयआर उशिरा झाली. कंपनीचा वकील लगेच उभा राहतो: उशीर का? गाडी नंतर घुसवली नाही कशावरून? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय की नुसत्या उशिरामुळे दाव्यावर अविश्वास दाखवू नये, घरातला माणूस मरणाच्या दारात असताना लोक आधी पोलीस स्टेशनला धावत नाहीत. तरी तो प्रश्न तिला विचारला जातोच. काकांना सहा आठवडे लागले, हिला वर्षं लागतात.

गेल्या महिन्यात आमच्या शनिवारच्या ऑनलाइन वाचनात हा विषय निघाला तेव्हा एक मुलगा तडकून म्हणाला, “दादा, कंपन्या पण खऱ्या लोकांचे क्लेम नाकारतातच ना? मग त्यांच्याशी खरं का वागायचं?” राग खोटा नाही. बारीक अक्षरातली अट दाखवून हात वर करणारे लोक आहेतच. पण त्यासाठी भांडायची जागा आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे कार्यालय आहे. खरं सांगून भांडण्यात मला तरी काही अधर्म दिसत नाही, उलट न भांडणं हाच कधीकधी आळस असतो. पण कंपनीने मला फसवलं म्हणून मी खोटा डेंट दाखवला, तर तो पैसा कंपनीच्या साहेबाच्या पगारातून येत नाही. तो त्याच भांड्यातून येतो. कंपनीवरचा राग आपण काकांवर काढतो.

परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. त्या कागदांवरचा पैसा कायद्याने त्यांचाच होता, वसूल केला असता तर कुणी चोर म्हटलं नसतं. पण प्रत्येक कागदापलीकडचा देणेकरी त्यांना दिसत होता, दुष्काळाने मोडलेला. आपल्यासमोर कागद नाही, मोबाइलचा स्क्रीन आहे, आणि स्क्रीनपलीकडे माणूस दिसणं फार कठीण. आज पाच मिनिटं बसाल तेव्हा नामस्मरणाच्या आधी एवढंच करून बघा. आपल्या पॉलिसीच्या भांड्यात आणखी कोण कोण आहे, त्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा. भाजीचा टेम्पोवाला, रात्री घरी सोडणारा कॅबवाला, स्कूटीवरून मुलांना शाळेत नेणारी शेजारीण.

दोन-तीन व्यवहारातल्या गोष्टी, कारण मेल येणारच. रस्त्याकडेला टेबल टाकून बसलेल्याकडून किंवा ओळखीच्या ओळखीतून फार स्वस्तात पॉलिसी मिळाली असेल तर ती खरी आहे का ते एम-परिवाहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा. पॉलिसी खोटी निघाली आणि आपल्या गाडीने कुणाला लागलं तर विमाच नाही असं धरलं जातं. भरपाई आपल्या घरातून जाते, आणि आपल्याकडे नसली तर त्या जखमी माणसाला काहीच मिळत नाही. फसवलं तुम्हाला, उपाशी तो. दुसरं, गॅरेजमध्ये गाडी सोडताना एस्टिमेटची प्रत मागा आणि वाचा. खूपदा जास्तीचा बंपर आपल्याला न विचारताच आत गेलेला असतो, आणि सही आपली असते. “हा जुना आहे, हा काढा, याचे मी वेगळे देतो,” एवढं शांतपणे सांगितलं तरी मालक चिडत नाही. थोडा वेळ विचित्र बघतो, बाकी काही नाही.

आणि बोनसचं कुणी आधीच चुकीचं टाकलं असेल तर कंपनीला कळवून फरक भरता येतो. मोठा अपघात होऊन क्लेम नाकारला जाण्यापेक्षा आत्ताचे ते ३,५०० स्वस्त आहेत. झोपही बरी लागते म्हणतात.

उद्या तेरावा श्लोक घेऊ, फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्यांबद्दलचा. वाचून या.

राम कृष्ण हरी.